एक ट्रान्सफॉर्मर, दोन करार: मकरपुऱ्यातल्या एका ऑर्डरचा उगम-हिशेब

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला मध्यम आकाराचा ट्रान्सफॉर्मर कारखाना. एकाच महिन्यात दोन निर्यात ऑर्डरी आल्या, १२ नग दुबईला आणि ८ नग थायलंडला. माल दोन्हीकडे तोच: ६३० केव्हीए, तेलाचा, तांब्याच्या वाइंडिंगचा. अटही दोन्ही गिऱ्हाइकांची सारखीच होती. सवलतीच्या शुल्कासाठी लागणारं उगम प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, कारखान्याने द्यायचं. ते मिळालं नाही किंवा तिकडच्या कस्टम्सने नाकारलं, तर तिथे भरावं लागणारं शुल्क कारखान्याच्या बिलातून वळतं होणार.

कारखाना इथे नमुन्यादाखल उभा केला आहे आणि रुपयांचे आकडे हिशेब डोक्यात बसावा म्हणून गोल केले आहेत. करार, नियम आणि अडचणी मात्र खऱ्याच आहेत.

दुबईपुरतं गणित सोपं दिसतं. आखाती देशांच्या सामायिक दरानुसार यूएईत बहुतेक मालावर ५ टक्के सीमाशुल्क लागतं. भारत-यूएई करारावर १८ फेब्रुवारी २०२२ ला सह्या झाल्या आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. सवलतीच्या यादीतल्या मालाला हे ५ टक्के वाचतात. एक नग एफओबी, म्हणजे बंदरात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, १० लाखांचा, १२ नगांचे १ कोटी २० लाख. म्हणजे सुमारे ६ लाखांचा प्रश्न, आणि शुल्क सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागत असल्याने थोडा जास्तच. या धंद्यात एवढ्या फरकाने ऑर्डर इकडची तिकडे होते.

थायलंडसाठी करार वेगळा: आसियान-भारत वस्तू व्यापार करार. त्यावर १३ ऑगस्ट २००९ ला सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. प्रमाणपत्राच्या फॉर्मला ‘एआय’ म्हणतात.

खरेदी विभागाने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. “काका, आपली सगळी बिलं जीएसटीची. माल इथे बनतो, टेस्टिंग इथल्याच एर्डाच्या लॅबमध्ये. अजून इंडियन म्हणजे काय असायला पाहिजे?” सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने, फोनवर विचारलं, “रॉड कुठला?” वाइंडिंगची तार ज्यातून ओढतात तो तांब्याचा रॉड. रॉड मलेशियाचा होता. प्रकरणाची खरी सुरुवात इथून झाली.

कॉस्ट शीट, जशी पहिल्यांदा लिहिली

एका नगाची शीट साधारण अशी होती. सीआरजीओ, म्हणजे कोअरचा पत्रा, २ लाख ६० हजार. मिल कोरियाची, पण खरेदी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून. तांब्याची वाइंडिंग वायर ३ लाख. टॅप स्विच, बुशिंग, गास्केट हे फुटकळ सामान ७० हजार, बडोद्यातल्याच दुकानदाराकडून. तेल ९० हजार. टाकी आणि रेडिएटर १ लाख १० हजार. इन्सुलेशनचा प्रेसबोर्ड ३० हजार. उरलेल्या १ लाख ४० हजारांत मजुरी, वीज, चाचण्या, बंदरापर्यंतचं भाडं आणि नफा.

शीट लिहिणाऱ्याने तांब्याचे ३ लाख आणि पत्र्याचे २ लाख ६० हजार ‘इम्पोर्टेड’ खाली टाकले, बाकी सगळं ‘इंडियन’. म्हणजे ५६ टक्के बाहेरचं, ४४ टक्के आपलं. दुबईसाठी धरलेली ४० टक्क्यांची अट पार, म्हणून शीट सहीला गेली. या शीटमध्ये तीन चुका आहेत. त्यातली एक कारखान्याच्याच विरुद्ध जाते, उरलेल्या दोन त्याच्या बाजूने. करार अभ्यासणारे बहुतेक जण दरांचे तक्ते पाठ करतात. प्रमाणपत्र टिकतं की पडतं, ते मात्र या शीटवर ठरतं.

आधी नियम. भारताच्या बऱ्याच करारांत दोन कसोट्या एकत्र असतात. एक कोडची: बाहेरून आलेल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गवारीतला क्रमांक, आणि तयार मालाचा कोड वेगळा झाला पाहिजे. दुसरी किमतीची: ठरावीक टक्के मूल्य इथलं असलं पाहिजे. आसियान करारात सहा अंकी कोड बदलला पाहिजे आणि एफओबीच्या निदान ३५ टक्के मूल्य कराराच्या क्षेत्रातलं पाहिजे. म्हणजे बाहेरचा आणि उगम न कळणारा माल मिळून ६५ टक्क्यांवर जाता कामा नये. कोरिया आणि जपानशी झालेल्या करारांतही सर्वसाधारण नियम ३५ टक्के आणि सहा अंकी बदल असाच आहे. यूएई करारात वस्तूगणिक नियम परिशिष्टात दिले आहेत आणि ४० टक्के मूल्यवर्धन हा त्यातला जड आकडा. ऑर्डर घेण्याआधी आपल्या कोडसमोर नेमकं काय लिहिलंय ते परिशिष्ट उघडूनच बघावं. इथला हिशेब ४० धरून केला आहे, कारण तोच सोसला तर बाकीचे सोसतात.

कोडची कसोटी इथे सहज लागते. ६५० केव्हीएपर्यंतचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर ८५०४.२१ मध्ये येतो, पत्रा ७२२५ किंवा ७२२६ मध्ये, तांब्याची तार ७४०८ मध्ये. बदल चार अंकांवरच होतो. फसगत होते ती पत्र्याऐवजी बाहेरून तयार कापलेला कोअर मागवला तर. ट्रान्सफॉर्मरचा भाग म्हणून त्याचा कोड ८५०४.९० पडतो. तिथून ८५०४.२१ हा सहा अंकी बदल आहे, त्यामुळे आसियानला चालतो. ज्या करारात चार अंकी बदल मागितला आहे तिथे मात्र ८५०४ चा ८५०४ च राहतो आणि अर्ज तिथेच पडतो. कटिंग लाइनचा खर्च वाचवायला निघालेल्यांनी हा हिशेब आधी करावा.

तीन चुका

पहिली चूक ७० हजारांची. टॅप स्विच आणि बुशिंग बडोद्याच्या दुकानातून आले, बिलावर गुजरातचा जीएसटी क्रमांक आहे, पण खोक्यावर चीनचं नाव. जीएसटी बिल माल कुणी विकला ते सांगतं, कुठे जन्मला ते सांगत नाही. उत्पादकाची उगमाची लेखी कबुली नसेल, तर तो माल ‘उगम अज्ञात’ म्हणजे बाहेरचाच धरायचा.

दुसरी चूक तेलाची, आणि ही चांगल्या चांगल्यांच्या हातून होते. तेल भारतीय कंपनीचं होतं, पण ट्रान्सफॉर्मर ऑइल बऱ्याचदा आयात बेस ऑइलपासून बनतं. बेस ऑइल आणि ट्रान्सफॉर्मर ऑइल दोन्ही २७१०.१९ मध्येच येतात, त्यामुळे सहा अंकी कोड बदलत नाही. म्हणजे देशात प्रक्रिया होऊनही करारापुरतं ते तेल भारतीय ठरेलच असं नाही. पुरवठादाराने उगमाचं पत्र दिलं तर ९० हजार आपल्या बाजूला, नाहीतर समोरच्या. या प्रकरणात पत्र ‘देतो, देतो’ म्हणत अडकलेलं होतं.

तिसरी चूक तांब्याची, आणि ती कारखान्याचंच नुकसान करणारी. मलेशियाहून तयार वायर येत नव्हती. ८ मिमीचा सीसी रॉड येत होता. तो रणोलीच्या बाजूच्या एका जॉबवर्कवाल्याकडे ओढून, डबल पेपर कव्हर करून, ड्रमवर गुंडाळून परत येई. रॉडची सीआयएफ किंमत २ लाख ७६ हजार, उरलेले २४ हजार जॉबवर्कचे. ही ओढणावळ भारतात झाली, म्हणजे ते मूल्य भारतीय. सगळे ३ लाख बाहेरचे धरून शीटवाल्याने स्वतःचेच २४ हजार घालवले.

तारेवर इथे प्रक्रिया झाली, कोड ७४०८ चा ८५४४ झाला, मग सगळी तारच भारतीय का धरू नये, असंही कुणीतरी सुचवलं. धरता येत नाही. तारेच्या किमतीत जवळपास सगळं तांबंच असतं, त्यामुळे किमतीची कसोटी तार एकटी कधीच पार करत नाही.

आता दुरुस्त हिशेब. पत्रा २.६०, रॉड २.७६, फुटकळ ०.७०: एकूण ६ लाख ६ हजार बाहेरचे. मूल्यवर्धन ३९.४ टक्के. तेलाचं पत्र आलंच नाही तर बाहेरचे ६ लाख ९६ हजार आणि मूल्यवर्धन ३०.४. ज्या शीटवर ४४ लिहून सही होणार होती, ती खरं तर चाळिशीला स्पर्शही करत नव्हती.

पत्र्यात एक फट होती. पत्रा व्यापाऱ्याकडून घेतल्याने त्याचा नफा आणि त्याने भरलेलं शुल्कही २.६० मध्ये मिसळलेलं. व्यापाऱ्याने त्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, दाखवली आणि सीआयएफ समजा २.४० निघाली, तर मूल्यवर्धन ४१.४ होतं. पण कुठलाही व्यापारी आपली बिल ऑफ एंट्री सहजासहजी दाखवत नाही, कारण त्यात त्याचा नफा उघडा पडतो. शिवाय दीड टक्क्याच्या मार्जिनवर तांब्याचा धंदा करायचा नसतो. ऑर्डरचा भाव पक्का आणि तांबं ५ टक्क्यांनी चढलं, तर रॉड २.९० होतो आणि मूल्यवर्धन बरोबर ४० वर येऊन लोंबकळतं. देशातल्या वीज कंपन्यांच्या ऑर्डरीत इएमा या वीज उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या सूत्राने भावफरक मिळतो, परदेशी गिऱ्हाईक तो देईलच असं नाही.

त्याच मालाचा थायलंडचा हिशेब

आसियान करारात संचय चालतो. एका सदस्य देशाचा उगम सिद्ध झालेला माल दुसऱ्या सदस्याने वापरला, तर तो वापरणाऱ्याचाच धरला जातो. मलेशियाचा रॉड भारतात वापरून ट्रान्सफॉर्मर थायलंडला गेला, तर तो रॉड आपल्या बाजूला. बाहेरचे राहिले पत्रा आणि फुटकळ सामान, म्हणजे ३ लाख ३० हजार, ३३ टक्के. तेल विरुद्ध धरलं तरी ४२. मर्यादा ६५ ची.

दुबईच्या हिशेबात मात्र हाच रॉड सरळ बाहेरचा. मलेशिया त्या कराराचा सदस्य नाही. आपले करार एकमेकांना ओळखत नाहीत. कोरियाचा पत्रा कोरिया करारात सवलतीने आला, रॉड आसियान करारात सवलतीने आला, तरी दोन्ही मिळून तिसऱ्या करारात परकेच.

आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराची चर्चा आपल्याकडे स्वस्त आयातीच्या भीतीवर थांबते. ती भीती खोटी नाही. पण भारत ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये बाजूला झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो करार लागू झाला, तेव्हापासून थायलंडमधला स्पर्धक चीन, जपान, कोरियाचा सुटा माल त्याच छत्राखाली संचयात धरू शकतो. आपल्या कारखान्याला आसियान, जपान, कोरिया असे तीन वेगळे करार आणि तीन वेगळे कागद सांभाळावे लागतात, आणि तरीही ते जोडता येत नाहीत. दरांपेक्षा हा फरक कारखान्याला जास्त टोचतो.

थायलंडच्या हिशेबातही एक खाच होती. निर्यातीचा माल असल्याने रॉड अॅडव्हान्स ऑथोरायझेशन या परवान्यावर शुल्कमुक्त आला होता. शुल्कच भरायचं नव्हतं, म्हणून खरेदी विभागाने मलेशियाच्या मिलकडून फॉर्म एआय मागवलाच नाही. शुल्क भरलं की नाही याचा उगमाशी काही संबंध नाही. फॉर्म नसेल तर संचय नाही, आणि संचय नसेल तर रॉड बाहेरचा: ३९.४ टक्के, पस्तिशी कशीबशी पार. तेलाचं पत्रही नसेल तर ३०.४, म्हणजे थायलंडही गेलं. सुदैवाने आसियान करारात शिपमेंटनंतर १२ महिन्यांपर्यंत ‘मागाहून दिलेलं’ असा शेरा मारून प्रमाणपत्र मिळू शकतं. मिलने ते काढून दिलं. सवलत वापरायची नसली तरी प्रत्येक आयातीबरोबर उगमाचा कागद मागवायचा, हा नियम कारखान्याने त्यानंतर खरेदीच्या ऑर्डरवरच छापून टाकला.

देशी ऑर्डरींसाठीचा रॉड आसियान कराराच्या सवलतीच्या दराने येतो, त्याची जबाबदारी वेगळी. सीमाशुल्क कायद्यातलं कलम २८डीए आणि २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेले कॅरोटार नियम यांनी ओझं आयातदाराच्या खांद्यावर ठेवलंय. नुसतं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल तिथे कसा बनला आणि उगमाची कसोटी कशी लागली, ही माहिती फॉर्म एकमध्ये आधीच जवळ असावी लागते. अधिकाऱ्याने मागितल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ती द्यायची आणि कागद पाच वर्षं जपायचे. मिलने “गोपनीय आहे” म्हणून हात वर केले तर शुल्क भारतीय आयातदारालाच पडतं. आणि सवलत मूळ सीमाशुल्काचीच असते, आयजीएसटी लागतोच.

तोडगा

पत्रा बदलणं अवघड होतं. आयात सीआरजीओला बीआयएसचा परवाना असलेलीच मिल लागते, आणि नाशिकला बनणारा देशी पत्रा देशाच्या गरजेला पुरत नाही. फुटकळ सामानाची ७० टक्के किंमत टॅप स्विचची, आणि त्याचा मेक गिऱ्हाइकाने मंजूर केलेला. हलवता येण्यासारखं राहिलं तांबं.

देशी रॉड हाताशी होता. दहेजची भट्टी बडोद्याहून फार लांब नाही. तिथलं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे तांब्याचं खनिज, बाहेरून येत असलं तरी त्याचा कोड २६०३, कॅथोडचा म्हणजे शुद्ध तांब्याच्या पाटीचा ७४०३, रॉडचा ७४०८. कोड बदलतोच, पण तांब्यासमोर किमतीचीही अट आहे का ते परिशिष्टात बघायला हवं. इथे भट्टीत बनलेलं तांबं भारतीय ठरतं असं धरलं आहे. शिवाय विकणाऱ्याने तसं लेखी द्यायला हवं. भाव ४ टक्के चढा. सगळं तांबं देशी केलं तर नगामागे सुमारे ११ हजार आणि १२ नगांना १ लाख ३२ हजार जास्त. सहा लाखांपुढे हेही परवडतंच.

पण सगळं बदलायची गरज नव्हती. ट्रान्सफॉर्मरमध्ये एचव्ही (उच्च दाबाची) आणि एलव्ही (कमी दाबाची) अशा दोन गुंडाळ्या असतात. इथे एचव्हीला बारीक गोल तार, एलव्हीला जाड पट्टी. दोन्हीत वापरला जाणारा रॉड किमतीने जवळपास निम्मा निम्मा: एचव्हीचा १.२९, एलव्हीचा १.४७. फक्त एचव्ही देशी केली तर बाहेरचे होतात ४ लाख ७७ हजार आणि मूल्यवर्धन ५२.३ टक्के. तेलाचं पत्र आलंच नाही असं धरा: ४३.३. त्यावर तांबं १० टक्के चढलं असंही धरा: ४१.८. सगळं उलटं पडूनही चाळिशीच्या वर. जादा खर्च नगामागे ५ हजार १६०, बारांना ६१ हजार ९२०.

एचव्ही निवडण्यामागे दुसरं कारणही होतं. एकाच जाडीची तार निम्मी देशी, निम्मी मलेशियाची ठेवली, तर कुठली कुठल्या नगात गेली हे सिद्ध करणं कठीण. गोल तार आणि पट्टी यांची मात्र चुकूनही सरमिसळ होत नाही. कुठल्याही तपासनिसाला ड्रम समोर ठेवून दाखवता येतं.

साखळी तुटण्याची जागा तरीही होतीच, जॉबवर्कवाल्याची. त्याच्या शेडमध्ये चार-पाच कारखान्यांचे रॉडचे कॉइल शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्येकाला मिलचा टॅग तारेने बांधलेला, आणि कॉइल मशिनवर चढताना पहिलं काम म्हणजे तो टॅग कापून कोपऱ्यात टाकणं. त्यानंतर देशी आणि मलेशियन रॉडमध्ये डोळ्यांना काही फरक नाही. जॉबवर्कवाला वजनाला वजन परत देतो. तोच रॉड परत देईन असं त्याने कधी कबूल केलेलं नसतं. उपाय साधा पण चिकाटीचा होता: जाणाऱ्या चलनावर कॉइल नंबर, दुबईच्या तारेसाठी वेगळी पाळी, कापलेला टॅग ड्रमलाच बांधून परत, येणाऱ्या चलनावर ड्रम नंबर, आणि वाइंडिंगच्या जॉब कार्डवर ड्रम नंबरासमोर ट्रान्सफॉर्मरचा सीरियल नंबर. त्यासाठी जॉबवर्कवाल्याने किलोमागे थोडे जास्त घेतले, ते दिले.

बाकी कागद सरळ. डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि डिजिटल सहीने अर्ज, सोबत इनव्हॉइस, कॉस्ट शीट, पुरवठादारांची पत्रं. निर्यात तपासणी एजन्सीसारखी अधिकृत संस्था ते तपासून प्रमाणपत्र देते. शीटमध्ये किंमत एफओबीच घालायची. सीआयएफ घातली की भाडं आणि विमा मूल्यवर्धनात शिरतात आणि टक्का फुगतो. तपासणीत पहिल्यांदा हेच पकडलं जातं. गिऱ्हाइकालाही एक प्रश्न आधीच विचारून घेतला: माल दुबईत वापरणार, की जबेल अलीच्या फ्री झोनमधून पुढे आफ्रिकेला पाठवणार? फ्री झोनमधून तसाच पुढे गेला तर यूएईचं शुल्क लागतच नाही, मग या सगळ्या खटाटोपाला अर्थ नव्हता. माल दुबईतच उतरणार होता.

शेवटची अडचण शिपमेंटच्या आठवड्यात आली. बारातला एक नग इम्पल्स चाचणीत, म्हणजे उच्च दाबाच्या झटक्याला, पडला. शॉप फ्लोअरने तत्परतेने शेजारच्या देशी ऑर्डरीतला तसाच तयार नग उचलला, नेमप्लेट बदलली आणि पॅकिंगला पाठवला. माल तोच, चाचणी पास, गिऱ्हाइकाला फरक कळणारही नाही. पण त्या नगाची एचव्ही मलेशियाच्या रॉडची होती. त्याचा हिशेब एकटा केला तर ३९.४, आणि प्रमाणपत्र सरासरीवर मिळत नाही. प्रत्येक नग आपापल्या पायावर उभा राहावा लागतो. जॉब कार्डवर ड्रम नंबर लिहिलेला होता म्हणूनच हे लक्षात आलं. जहाज न चुकवता नवी एचव्ही गुंडाळण्याइतका वेळ नव्हता.

इनव्हॉइस दोन केल्या. अकरा नग प्रमाणपत्रासह, एक नग प्रमाणपत्राविना. त्या एका नगाचं ५० हजारांच्या आसपासचं शुल्क कारखान्याने सोसलं आणि गिऱ्हाइकाला कारणासह आधीच कळवलं.